खाडी एक, खाती सतरा

दर जूनमध्ये वर्तमानपत्रांत एक तक्ता छापून येतो: यंदाच्या पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच ‘लाटा’ कोणकोणत्या दिवशी उसळणार. त्या लाटा नसतातच. ती भरतीची पातळी असते, आणि तीही जहाजांच्या नकाशांसाठी ठरवलेल्या शून्यापासून मोजलेली. मुंबईत हे शून्य समुद्राच्या सरासरी पातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली धरलेले आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती सरासरी पातळीच्या सव्वादोन मीटरच्या आसपास वर असते. लाट आली तर ती त्यावर वेगळी. ज्या चर्चेची सुरुवातच अशा आकड्याने होते ती पुढे कुठे जाणार? समुद्राची पातळी वाढते आहे, आता किनाऱ्याचे काय करायचे, यावरचा आपल्याकडचा वाद असाच भरकटत गेलेला आहे. एक तट म्हणतो भिंत बांधा, टेट्रापॉड (चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) टाका. दुसरा म्हणतो कांदळवन राखा, निसर्ग बघून घेईल. तिसरा तट २०५० साली मुंबई बुडालेली दाखवणारा लाल नकाशा मोबाइलवर पुढे पाठवतो आणि झोपी जातो.

भिंत की कांदळवन, हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की हा निर्णय कोणी, किती लांबीच्या किनाऱ्यासाठी आणि शेजाऱ्याला विचारून की न विचारता घ्यायचा. माझ्या मते किनाऱ्याच्या नियोजनाचे एकक खाडी असले पाहिजे, महापालिका किंवा तालुका नव्हे. एका खाडीच्या दोन्ही काठांवरची गावे, शहरे, बंदरे आणि सरकारी खाती यांचा मिळून एकच आराखडा हवा. त्या आराखड्याशी जुळत नसेल तर भरावाला परवानगी नाही आणि बांधाला निधी नाही, एवढी ताकद त्याच्यात हवी. भिंत कुठे, तिवरे (कांदळवनाची झाडे) कुठे, पाणी कुठे शिरू द्यायचे, हे त्याच्या आत ठरेल. बाहेर बसून ठरवले तर प्रत्येक जण आपल्या पुढ्यातले पाणी शेजाऱ्याच्या पुढ्यात ढकलेल. आज तेच चालू आहे.

समुद्र वाढला की पाणी काठावरून आत येईल, असे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. कोकणात आणि मुंबईत त्याच्या कितीतरी आधी दुसरी गोष्ट बिघडते: आतले पाणी बाहेर जात नाही. खारभूमीची, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या शेतजमिनीची, उघाडी (बांधातले पाणी बाहेर सोडायचे दार) असो की शहरातल्या नाल्याचे मुख, दोन्ही ओहोटीच्या भरवशावर चालतात. उघाडीची झडप बाहेरच्या बाजूला उघडते. खाडीतले पाणी आतल्यापेक्षा खाली गेले की ती आपोआप उघडते, भरती चढली की त्याच पाण्याच्या दाबाने मिटते. आता साधा हिशेब करू. आतले पाणी २ मीटरवर आहे. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या, दिवशी खाडी ०.५ ते ४.७ मीटरच्या दरम्यान खाली-वर होते आणि एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटे लागतात. पाणी सम लयीत चढते-उतरते असे धरले, तर झडप दर फेऱ्यात सुमारे ५ तास उघडी राहते. समुद्र ३० सेंटीमीटर वर आला की हे ५ तास साडेचारवर येतात. हे सोसता येईल. खरी अडचण भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत आहे. तेव्हा भरती मोठी नसते, पण ओहोटीही खोल जात नाही, खाडी १.८ ते ३.४ मीटरच्या दरम्यान हलत असते. आज अशा दिवशी झडप जेमतेम पावणेतीन-तीन तास उघडते. समुद्र ३० सेंटीमीटरने चढला की ओहोटीची पातळीच २.१ मीटर होते. आतले पाणी आधी शेतात आणि घरात चढल्याशिवाय झडप हलणारच नाही. वर्तमानपत्री तक्त्यांत या दिवसांचा उल्लेखही नसतो, कारण त्या दिवशी ‘लाटा’ लहान असतात.

यावर कोणी विचारील, ३० सेंटीमीटर आणले कुठून? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उडवून लावता कामा नये. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची नोंद होते आहे. आशियातल्या जुन्या नोंदींपैकी ती एक. त्या दीर्घ नोंदीतून निघणारी वाढ वर्षाला १ मिलिमीटरहूनही कमी आहे. शतकभरात १० सेंटीमीटरसुद्धा नाही. मग घाई कशाला? घाई अशासाठी की गेल्या शतकाचा वेग पुढच्या शतकाला लावता येत नाही. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या सहाव्या अहवालाप्रमाणे जगभरातल्या समुद्राची सरासरी वाढ २००६ ते २०१८ या काळात वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेली होती. उत्सर्जन सर्वांत कमी राहिले तरी या शतकाअखेर २८ ते ५५ सेंटीमीटर आणि सर्वाधिक राहिले तर ६३ ते १०१ सेंटीमीटर, असा तिचा अंदाज आहे. म्हणजे ३० सेंटीमीटर हा अंदाजाच्या खालच्या टोकाचा आकडा आहे. तो २०६० साली येतो की २०९०, यावर वाद घालता येईल. पण आज बांधलेला नाला, आज टाकलेला भराव आणि आज दिलेला बांधकाम परवाना तेव्हाही तिथेच असणार.

भिंत की कांदळवन या वादाचा फोलपणा बघायचा तर खारेपाटात, म्हणजे रायगडमधल्या पेण-अलिबागच्या खाडीकाठच्या सखल पट्ट्यात, जावे. तिथला बांध म्हणजे चिकण मातीचा लांबच लांब वरंबा. खाडीकडच्या अंगाला दगडांची पिचिंग (अस्तर), मध्ये मध्ये उघाड्या. तो एक मीटर उंच करा, असे सांगणे सोपे. खाडीकडे ३ ला १ आणि शेताकडे २ ला १ असा उतार ठेवायचा तर एक मीटर उंचीमागे पाया ५ मीटरने पसरतो. किलोमीटरभर बांधाला अर्धा हेक्टर जमीन लागते. ती कुठून आणायची? खाडीकडे सरकले की तिवरे तोडावी लागतात, शेताकडे सरकले की कोणाची तरी भाताची खाचरे जातात. मातीचा हिशेब आणखी कठीण. दीड मीटर माथ्याचा, २ मीटर उंचीचा बांध घेतला तर त्याचा छेद १३ चौरस मीटर भरतो. तोच ३ मीटर केला की २७. उंची दीडपट, माती दुपटीहून जास्त. ही माती बांधाच्या पायथ्याशीच खणून काढली तर पायथा कमकुवत होतो. बाहेरून मुरूम आणून टाकला तर त्यातून पाणी झिरपते. तिवरांचा पट्टा पुढे जाड असेल तर लाटेचा जोर मोडतो आणि पिचिंग जास्त वर्षे टिकते, म्हणजे बांध कमी उंच ठेवला तरी भागते. पण तो पट्टा गाळाने भरत, समुद्राबरोबर वर चढत राहायचा तर त्याला मागे सरकायला जागा लागते. मागे बांध आहे. बांधाला कांदळवन हवे, कांदळवनाला जागा हवी, जागा शेतकऱ्याची आहे. या तिघांना एका टेबलावर बसवल्याशिवाय यातल्या एकाचाही प्रश्न सुटत नाही.

बसवले नाही की काय होते, तेही तिथेच दिसते. बांध एकदम फुटत नाही. खेकड्यांची बिळे, उघाडीच्या झडपेत अडकलेले ओंडके आणि प्लॅस्टिक, बार्जच्या ये-जा करण्याने पायथ्याशी होणारी झीज, हे साठत जाते. मग एखाद्या उधाणाला खांड, म्हणजे बांधाला भगदाड, पडते. पहिल्या आठवड्यात ती काही मीटरांची असते आणि गावातली माणसे मातीच्या गोण्या टाकून बुजवू शकतात. अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा होईपर्यंत पावसाळा येतो आणि खांड रुंदावते. दर भरतीला खारे पाणी शेतात खेळते. पुढचे दोन-तीन पावसाळे धुवून निघेपर्यंत भात नीट येत नाही. मधल्या काळात पाण्याबरोबर तिवरांची बीजे येतात, चिखलात रुजतात, बघता बघता कमरेएवढी होतात. आणि इथे कायदा आडवा येतो. ते आता कांदळवन झाले, किनारा नियमनातल्या सर्वांत कडक वर्गात गेले, शिवाय मुंबई उच्च न्यायालयाचे २००५ चे आणि २०१८ चे आदेश आहेत. त्या आदेशांमागे कारण होते: बिल्डरांचे भराव. ते आदेश नसते तर ठाणे खाडीकाठी आज किती तिवर उरले असते कोण जाणे. पण शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर भातशेती, जमिनीवर जंगल आणि हातात काही नाही, ही अवस्था कोणत्या पर्यावरणवादाला मान्य आहे? दोन वर्षे दुरुस्ती न करणाऱ्या खात्याने तिथे जमिनीचा वापर बदलून टाकला, तोही कुठल्याही आराखड्याशिवाय, सुनावणीशिवाय. ‘इथे समुद्राला आत येऊ द्यायचे’ हा निर्णय योग्यही असू शकतो. पण तो निर्णय असावा, त्याची भरपाई असावी.

नवी मुंबईत हाच तिढा शहरी रूपात आहे. सिडकोने सखल जमिनीवर शहर वसवताना हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव केले: भरतीला झडपा बंद, पावसाचे पाणी तलावात साठणार, ओहोटीला बाहेर. कल्पना उत्तम होती. पण भरतीबरोबर गाळ येतो, तो नियमित काढला नाही तर तलावाची धारणक्षमता जाते; गाळावर तिवरे उगवतात आणि मग गाळ काढायलाही न्यायालयाची वाट पाहावी लागते. तलाव पाण्यासाठी की तिवरांसाठी, हा वाद आता कागदोपत्री चालतो आणि पाणी आपल्या वाटेने जाते.

ठाणे खाडीच्या काठावर कोणाकोणाचा शब्द चालतो ते मोजून बघा. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल या चार महापालिका, सिडको, एमएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), मुंबई बंदर, न्हावा-शेवाचे बंदर, मेरिटाइम बोर्ड, वन विभागाचा कांदळवन कक्ष, मिठागर आयुक्त, किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, खारभूमी विभाग, रेल्वे, पूल बांधणारे रस्ते विकास महामंडळ, मत्स्यव्यवसाय विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ. सतरा झाले, आणि जिल्हाधिकारी धरलेलेच नाहीत. यातल्या प्रत्येकाकडे ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे. खाडीभरासाठी ‘असे करू’ म्हणण्याचा एकाकडेही नाही. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईत आठ उदंचन (पाणी उपसणारी) केंद्रे ठरली. माहुलचे केंद्र मिठागराच्या जमिनीपाशी अडले आणि वर्षानुवर्षे अडलेलेच राहिले. तिकडे नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, भराव पडला, आणि शेजारच्या पारगाव-डुंगीच्या लोकांनी गावात पाणी शिरते म्हणून तक्रारी केल्या. भराव टाकणाऱ्याने आपल्या हद्दीपुरता अभ्यास केलेला असतो. पुण्याच्या खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, जगात नाव असलेले. पण तिथे खाडीचे प्रारूप (मॉडेल) बनते ते ज्याचा प्रकल्प त्याच्या सांगण्यावरून, त्याच्या प्रश्नापुरते. दहा प्रकल्पांचे मिळून खाडीवर काय होईल, हा प्रश्न विचारणारे गिऱ्हाईकच नाही.

शेजाऱ्याचा विचार न करता किनारा बांधला की काय होते, याचे आपल्या देशातले धडधडीत उदाहरण पुदुच्चेरीचे आहे. तिथे १९८९ च्या सुमारास बंदरासाठी समुद्रात बांध घातले. पूर्व किनाऱ्यावर वाळू वर्षभरात मुख्यतः दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. ती बांधापाशी अडली, दक्षिणेला साठली आणि उत्तरेला पुदुच्चेरी शहराची पुळण नाहीशी झाली. शहर वाचवायला दगड टाकले, तेव्हा धूप आणखी उत्तरेला, तामिळनाडूच्या हद्दीतल्या मच्छीमार गावांत गेली. तिथे पुन्हा दगड. धूप दोन सरकारांच्या हद्दी ओलांडत गेली आणि प्रत्येक सरकारने आपल्यापुरता उपाय केला. आपल्याकडे पालघरच्या सातपाटीला आणि मालवणजवळच्या देवबागला बांध पडतो, पुन्हा बांधतात, पुन्हा पडतो. त्या बांधाच्या टोकापलीकडच्या पुळणीचे काय होते, याची नोंद कोण ठेवतो?

मुंबईला तर हे अडीचशे वर्षांपूर्वीच कळायला हवे होते. महालक्ष्मी आणि वरळीमधल्या खिंडारातून भरती शहराच्या मध्यात शिरायची. हॉर्नबी गव्हर्नर असताना, १७८० च्या दशकात, तिथे बांध घालून ती अडवली गेली. कौतुकाचेच काम. पण समुद्र बाहेर राहिला तशी मागची सखल जमीन बशीसारखी राहिली, तिच्यावर वस्ती झाली, आणि तिथले पावसाचे पाणी बाहेर फेकायला आजही वरळीच्या लव्हग्रोव्ह केंद्राचे पंप लागतात. भिंत बांधली की पंपाचे बिल शतकानुशतके भरावे लागते. भिंतीच्या अंदाजपत्रकात ते कधी दिसत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येऊ. ‘आणखी एक प्राधिकरण? मिठीचे काय झाले?’ खरे आहे. २००५ च्या पुरानंतर मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, पण नदी मात्र वरचा भाग महापालिकेचा आणि खालचा एमएमआरडीएचा अशी वाटलेलीच राहिली. समन्वयाच्या बैठका झाल्या, गाळही उपसला गेला, आणि नदी आहे तिथेच आहे. समन्वय हा शब्दच आपल्याकडे बदनाम झाला आहे: समन्वय म्हणजे चहा, बिस्किटे आणि पुढची तारीख. म्हणून खाडीच्या आराखड्याची कसोटी त्यावर कोण बसते ही नाही. त्याच्या हातात परवानगीची आणि पैशाची किल्ली आहे की नाही, ही आहे. मिठीच्या प्राधिकरणाकडे दोन्ही नव्हत्या.

या दोन किल्ल्या काय करतात ते सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावर बघण्यासारखे आहे. तिथे नऊ परगणे आणि शंभरावर शहरे एका पाण्याभोवती बसली आहेत. १९६० च्या सुमारास शहरे भराव घालून उपसागर खात चालली होती. लोकांच्या दबावाने १९६५ साली राज्याने एक आयोग नेमला आणि त्याच्या परवान्याशिवाय भराव बंद केला. ही पहिली किल्ली. दुसरी यायला जवळजवळ साठ वर्षे लागली. मध्यंतरी ज्याच्याकडे पैसा होता त्याने आपला बांध उंच केला. पण अर्धबंद उपसागरात एका काठाची भिंत भरतीचे पाणी दुसऱ्या काठावर चढवते, हे जलगतिकीच्या अभ्यासांतून स्पष्ट होत गेले. अखेर २०२३ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला: किनाऱ्यावरच्या प्रत्येक स्थानिक संस्थेने १ जानेवारी २०३४ पर्यंत समुद्रवाढीचा आराखडा करायचा, तो आयोगाच्या प्रादेशिक निकषांत बसवायचा, आणि ज्याचा आराखडा मंजूर त्याला राज्याच्या निधीत अग्रक्रम. ते निकष आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये ठरवले. ही व्यवस्था परिपूर्ण नाही. अग्रक्रमाचे आमिष श्रीमंत शहराला वाकवत नाही, त्याला राज्याच्या पैशाची गरजच कमी. तरी गाजर आणि दांडा दोन्ही एका हातात असणे म्हणजे काय, याचा तो नमुना आहे.

हॉलंडचे नाव निघाले की आपल्याकडे लोक समुद्र अडवणारी मोठमोठी दारे आठवतात. त्यापेक्षा शिकण्यासारखी गोष्ट तिथली जलमंडळे. तेराव्या शतकापासून शेतकरी एकत्र येऊन बांध राखायचे, त्यासाठी कर बसवायचे, मंडळ निवडायचे. पण १ फेब्रुवारी १९५३ च्या वादळी रात्री बांध फुटून १,८३६ माणसे गेली. तेव्हा देशात अडीच हजारांहून अधिक जलमंडळे होती. लहान लहान, कोणाकडे पैसा आहे, कोणाकडे नाही, कोणाचा बांध भक्कम, कोणाचा हलका. पाणी हलक्या बांधातून आले आणि भक्कम बांधाच्या मागच्यांनाही घेऊन गेले. आज मंडळे २१ आहेत. बांध किती भक्कम हवा याचे प्रमाण देशाच्या कायद्यात लिहिलेले आहे, तपासणीची मुदत ठरलेली आहे, कर मात्र मंडळच गोळा करते.

आपल्याकडे हे परके मानायचे कारण नाही. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या शिलोत्री, म्हणजे बांध घालून समुद्रापासून मिळवलेल्या, जमिनींवर बाहेरचा मोठा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रदाराची असे आणि त्यासाठी तो बिघ्यामागे ठराविक भात घेई. म्हणजे बांधाची पट्टी होती, जबाबदार माणूस होता. या व्यवस्थेचे गोडवे गायचे नाहीत. त्याच खारेपाटात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ एवढा दीर्घ संप केला तो खोतांच्या पिळवणुकीविरुद्धच. पण मध्यस्थ गेला तेव्हा त्याच्याबरोबर पट्टीही गेली. १९४८ च्या आणि नंतर १९७९ च्या कायद्याने खारभूमी विकासाचे काम सरकारकडे आले. सरकार बांध नवा बांधते. दरवर्षी खेकड्यांची बिळे बुजवण्याचे काम फायलीतून होत नाही. पट्टी आणि देखभाल गावाकडे, प्रमाण आणि मोठा खर्च राज्याकडे, असा मेळ पुन्हा घालावा लागेल.

‘लाट दाराशी आली आहे, आराखडा कधी होणार?’ असे किनाऱ्यावरचा माणूस विचारतो तेव्हा त्याला थांबायला सांगणे निर्दयपणा आहे. म्हणून आहे त्या रेषेवर, आहे त्या उंचीपर्यंत केलेली दुरुस्ती आराखड्यातून मोकळी असावी, आणि खांड बुजवण्याचा अधिकार तालुक्याच्या पातळीवर, ठरलेल्या रकमेपर्यंत, निविदेशिवाय असावा. रेषा पुढे सरकवायची, उंची वाढवायची किंवा मातीऐवजी काँक्रीट करायचे असेल तर मात्र खाडीभराचा विचार हवा. अडचण अशी की आज तातडीच्या नावाखाली होणारी बरीच कामे दुसऱ्या प्रकारची असतात.

मला स्वतःला सर्वांत टोचणारा आक्षेप वेगळा आहे. प्रादेशिक आराखडा म्हणजे मोठ्यांचा आराखडा. संगणकाला विचारले की पाणी कुठे साठवणे स्वस्त, तर तो भाताच्या खाचरांवर बोट ठेवणार. टॉवर महाग, शेत स्वस्त. शहर वाचवायला गाव बुडवण्याचा इतिहास महाराष्ट्राला सांगायला नको, धरणांखालची गावे अजून पुनर्वसनाचे खेटे घालताहेत. याला उत्तर म्हणून सहभागाची शपथ पुरत नाही, हिशेब बदलावा लागतो. ज्या जमिनीवर पाणी घ्यायचे ठरेल तिला दर वर्षी मोबदला, केवळ बुडाली त्या वर्षीचा नाही. आणि तो मोबदला ज्याची जमीन त्यामुळे कोरडी राहणार आहे त्याच्या विकास शुल्कातून. मग टॉवरचा बिल्डर स्वतःच विचारील की धारण तलाव माझ्या आवारात केला तर किती वाचेल. गावे हलवावी लागलीच तर पंधराव्या वित्त आयोगाने धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी आणि धूप रोखण्यासाठी १,५०० कोटी रुपये देशपातळीवर सुचवले होते. देशाच्या किनाऱ्यांना आणि नद्यांना मिळून ही रक्कम तुटपुंजी आहे, पण ‘विस्थापन’ हा शब्द धुपीच्या संदर्भात सरकारी हिशेबात आला, हे लक्षात ठेवण्यासारखे.

हे सगळे करायला नवे प्राधिकरण लागत नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम २४३-झेडई प्रमाणे महानगर नियोजन समिती असायला हवी, तिच्यातले किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिका आणि पंचायतींच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींमधून यायला हवेत, आणि पाण्यासह नैसर्गिक साधनांची वाटणी व जमिनीच्या वापराचे एकत्रित नियोजन हे तिचे काम घटनेतच लिहिलेले आहे. आणि मुंबई महानगराचा प्रादेशिक आराखडा २०३६ पर्यंतचा मंजूर आहे. त्यात खाडीनिहाय प्रकरणे जोडायची, ती प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली बंधनकारक करायची, एवढेच. महानगराबाहेर कोकणात जिल्हा नियोजन समित्या आहेत. तिथे प्रश्न समुद्रापुरता राहत नाही: २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा वाशिष्ठी नदीत डोंगरातले पाणी होते, कोळकेवाडी धरणाचे होते आणि खाली भरती होती. म्हणून धरणाचे दार हलवणारा माणूसही त्या टेबलावर हवा. आणि तेरेखोलच्या खाडीचा एक काठ गोव्यात आहे, तिथे दोन राज्यांचा करार लागेल. तो सर्वांत शेवटी होईल, हे मान्य करून चाललेले बरे.

सुरुवात कुठून करायची? ठाणे खाडीपासून करू नये. सतरा खात्यांत दहा वर्षे जातील. रायगडमधल्या धरमतर खाडीपासून करावी. काठ मुख्यतः गावांचे, बांध आणि उघाड्या लोकांना नावानिशी माहीत, आणि खाडीतून बार्जची मोठी वाहतूक असल्याने पट्टी बसवायला कोणीतरी पैसेवालाही आहे. पहिल्या वर्षी बांधकाम काहीच नको. उंची मोजायला मुंबई पालिका टाउन हॉलचे शून्य वापरते, भरतीचा तक्ता जहाजी नकाशाचे, भारतीय सर्वेक्षण सरासरी समुद्राचे. इथे आधी एकच शून्य ठरवावे आणि त्याचे खुणेचे दगड दोन्ही काठांवर रोवावेत. खाडीच्या तोंडाशी आणि वरच्या टोकाला भरती मोजणारी एक-एक पट्टी बसवावी, कारण निमुळत्या खाडीत वरच्या टोकाची भरती तोंडापेक्षा उंच असू शकते आणि बंदरावरचा आकडा तिथे चालत नाही. मग दोन्ही काठांच्या बांधांचा माथा दर पन्नास मीटरला मोजून, प्रत्येक उघाडीच्या उंबऱ्याची पातळी लिहून, एकच नकाशा करावा, आणि तो प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. पुढच्या उधाणाला पाणी कुठून शिरणार हे त्या नकाशावर पेणच्या बाजूचा आणि अलिबागच्या बाजूचा शेतकरी दोघेही एकाच वेळी वाचू शकतील. त्या दोघांची पहिली बैठक तिथे, त्या सर्वांत सखल जागी व्हावी, भांगाच्या दिवशी, ओहोटीला.